बेचाळिसावा व्हॉल्व्ह

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही सरकारी आहे. नव्या इंजिनियर बाईंनी आज ती स्वतःच्या हाताने दिली. म्हणाल्या, "काका, जमिनीखाली कुठे काय आहे ते आता फक्त तुमच्या डोक्यात आहे. ते कागदावर उतरवा."

शहराचा वरचा भाग जळाला त्याला पुढच्या आठवड्यात तीन महिने होतील. नकाशांची खोलीही त्यातच गेली. आता तिथे रुंद रस्ते, नव्या पाइपलाइनी, सगळं नवंकोरं व्हायचं आहे. पण खोदायच्या आधी जुनं कुठे आहे ते कळायला हवं. ते सांगणारा मी. पाणीखात्यात सव्वीस वर्षं व्हॉल्व्हमन. लांब चावी खांद्यावर टाकायची, चेंबरचं झाकण उचलायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, एका वस्तीचं पाणी सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. पाणी आलं नाही की शिव्या मला, आणि आलं की श्रेय देवाला.

पुढच्या बाजूने व्हॉल्व्ह लिहीन. मागची पानं माझी. बाईंना वही मागून उघडायची सवय नसावी.

आज चार व्हॉल्व्ह लिहिले. अक्षर बरं आलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घराबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. म्हणजे मलाच.

दोन खोल्यांत आम्ही तिघं. मी, ही, आणि आग लागल्यापासून ताई. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. भावोजी पुस्तकं बांधायचे. खाली दुकान, वर घर. त्या दुपारी गाद्यांच्या गोदामात आग लागली आणि वारा सुटला. बंबवाल्यांना माणसं कमी पडत होती, म्हणून भावोजी पाण्याचा पाइप धरून गच्चीवर उभे राहिले. आधी पाणी येत होतं, जरा कमी जोराने. मग एकदम थांबलं. खालून बंबवाले ओरडत होते की व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला सांगितलंय, आत्ता जोरात येईल. भावोजी तसेच थांबले. ते येईल म्हणून थांबणारेच होते. मी एकदा त्यांना स्टेशनवर चुकीची वेळ सांगितली होती, तर अडीच तास बाकावर बसून राहिले आणि वर मलाच चहा पाजला.

एकोणीस माणसं गेली. त्यातले ते एक.

मी त्या दिवशी रजेवर होतो. मुलीला मुलगी झाली होती, तिला बघायला गेलो होतो. माझ्या जागी बदलीवर मास्तर होता. मास्तर म्हणजे शेजारच्या भागातला व्हॉल्व्हमन. जे करतो ते वहीत लिहितो आणि सगळ्यांना अहो-जाहो करतो, अडकलेल्या व्हॉल्व्हलासुद्धा, म्हणून मास्तर. त्याने व्हॉल्व्ह उघडण्याऐवजी बंद केला असं चौकशी समितीचं म्हणणं आहे. तो निलंबित आहे.

ताई रोज सकाळी भांडी घासताना त्याला शिव्या देते. "त्याचे हात झडू देत." ती दुःखात आहे, तिला कोण अडवणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंबरोबर वरच्या वस्तीत गेलो. गेलो म्हणजे चढलो, तिथे आता रस्ता असा नाहीच. लोकांनी राखेवर चुन्याच्या रेघा मारून आपापली घरं आखली आहेत. दोन शेजारी एका रेघेवरून भांडत होते. ही भिंत तुझी की माझी, यावरून, आणि भिंत तर नाहीच. न्हाव्याने ताडपत्रीखाली खुर्ची टाकली आहे, आरसा एका तुटक्या खांबाला बांधलाय. बायका जुन्या विटांचा चुना खरवडून थर लावत बसतात. त्यात ताईही जाते. म्हणते, घरी बसून काय करू, निदान विटा तरी पुन्हा उभ्या राहतील.

बाई चुणचुणीत आहेत. विचारलं, "काका, नकाशात कधी आलंच नाही असं काही आहे का खाली? एखादी जोडणी, एखादी तात्पुरती दुरुस्ती?"

मी म्हणालो, "आठवून सांगतो."

चढाखालचा मोठा व्हॉल्व्ह, ज्यावर सगळी वरची वस्ती चालायची, तो कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखाली आहे. तो निघायला महिना लागेल म्हणाल्या. समिती त्याचीच वाट बघते आहे.

त्या व्हॉल्व्हबद्दल इथे लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. तो उलटा आहे. जगातले सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद आणि डावीकडे फिरवले की उघडतात. हे शेंबडं पोरही सांगेल. पण चौदा वर्षांपूर्वी जुना फुटला तेव्हा स्टोअरमध्ये एकच होता, तो उलट्या आट्यांचा. तात्पुरता बसवला. आपल्याकडे तात्पुरतं जेवढं टिकतं तेवढं कायमचं टिकत नाही. कागदावर कधी आलंच नाही. तेव्हाच्या मुकादमाने एक पत्र्याची पाटी करून दिली होती, डावीकडे वळलेला बाण आणि खाली "बंद". ती चेंबरच्या आत लावली होती. पुढे ती गंजून पडली. मी घरी आणून हत्यारांच्या पेटीत ठेवली. मुकादम कधीच वारले.

एवढंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज संध्याकाळी घरी आलो तर दुधाच्या पातेल्यावर ती पाटी.

ताईला झाकण सापडेना, तिने पेटीत हात घातला. पाटी घासूनपुसून ठेवलेली. मापात बसली. मला म्हणाली, "बरी सापडली. हा बाण कसला रे?"

मी म्हणालो, "कामाचं काहीतरी जुनं."

"चांगला आहे पत्रा. गंज नाही अजिबात."

मी हातपाय धुवायला गेलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पाटी काढून घेतली असती तर तिने विचारलं असतं का म्हणून. राहू दे. महिन्याभराने नवं झाकण आणू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरकडे गेलो होतो. तीन महिने टाळलं. आज त्याच्या गल्लीतला व्हॉल्व्ह बघायचा होता आणि त्याची बायको दारातच उभी होती, मग पाय मागे कसा घेणार.

मास्तर खुर्चीत वही घेऊन बसला होता. तीच वही. त्याने पान काढून दाखवलं. "चार वाजून दहा मिनिटं. व्हॉल्व्ह डावीकडे फिरवून पूर्ण उघडला. अकरा फेरे." त्याखाली त्याची सही. स्वतःच्या वहीत सही करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"समिती म्हणते, चार वाजून बारा मिनिटांनी पाणी थांबलं," तो म्हणाला. "म्हणजे मी उजवीकडेच फिरवला असणार आणि लिहिताना सवयीने डावीकडे लिहिलं. घाबरला की माणूस असं करतो म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "मास्तर, तू कधी चुकीचं लिहीत नाहीस."

"लिहीत नाही. पण हाताने चुकलं असेल. माझं मलाच आता सांगता येत नाही हो."

त्याची बायको चहा घेऊन आली. नंतर दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "घरातला नळ उघडायला जातात आणि हात तसाच थांबतो. मला हाक मारतात, जरा नळ सोडता का. आधी मला वाटलं चेष्टा करतायत."

चहाला साखर जास्त होती. मी सगळा प्यायलो. वाटेत दोनदा वाटलं परत फिरावं. पण परत जाऊन सांगू काय? व्हॉल्व्ह उलटा आहे, एवढंच सांगितलं तर पुढचा प्रश्न येतोच: मग पाटी कुठे होती? गंजून पडली म्हणेन. मग नवी का लावली नाही? एकेका प्रश्नाचं उत्तर तयार करत घरी पोचलो तर दूध झाकलेलं. वर बाण.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाई घरी आल्या होत्या, वही किती झाली ते बघायला. वही मी हातात धरूनच दाखवली, पुढून. चौतीस झाले. त्या खूश.

ही चहा करत होती, ताई भाजी निवडत बसलेली. बाईंना बोलायची हौस. ताईला समजावून सांगायला लागल्या. जमिनीखाली मोठाले व्हॉल्व्ह असतात, घरातल्या नळासारखेच, उजवीकडे बंद, डावीकडे चालू. ताईने विचारलं, "सगळेच?"

"सगळेच, मावशी. म्हणून तर त्या माणसाच्या चुकीचं आश्चर्य वाटतं. सव्वीस-सव्वीस वर्षं काम केलेली माणसं आहेत ही. काकांनाच विचारा."

"हो," मी म्हणालो. "साधारण सगळेच."

ताई मग भाजी निवडायची सोडून दुधाच्या पातेल्याकडे बघत होती, बहुतेक उतू जाईल म्हणून. पण दूध तर गॅसवर नव्हतंच. तिचं हल्ली असंच होतं, बसल्या बसल्या कुठेतरी हरवते. डॉक्टरांना विचारायला हवं.

४ मार्च, मंगळवार

एक चांगली गोष्ट. चार-पाच दिवस झाले, ताईने मास्तरला शिव्या दिलेल्या नाहीत. भांडी घासते, पण गप्प. दुःख उतरायला लागलं असावं. हिला म्हणालो तर ही माझ्याकडे नुसती बघत राहिली.

आज खरं लिहितो. पाटी गंजून पडली नव्हती. ताई म्हणाली तेच खरं, तिच्यावर गंजाचा ठिपका नाही. मी काढली.

तीन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. अकरा दिवस पडून होतो. कामावर परत गेलो, वाटलं लोक म्हणतील, आलास बाबा, तुझ्यावाचून अडलं होतं. हजेरीवाला मान वर करून म्हणाला, "अरे, तू नव्हतास होय?" बदलीच्या माणसाने पाटी वाचून काम केलं होतं. कुठे काही अडलं नाही. वस्तीला रोज पाणी गेलं.

ते एक वाक्य मला इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये उतरून पाटी काढली. चार पितळी स्क्रू, तेसुद्धा जपून काडेपेटीत ठेवले. आपण काही मोडत नाही, नुसतं काढून ठेवतोय, असं स्वतःला सांगत होतो. पुढल्याच महिन्यात मी रजेवर असताना वस्ती कोरडी पडली आणि तेव्हाचे साहेब जीप घेऊन आमच्या दारात. सगळी चाळ बघत होती. मी चावी खांद्यावर टाकून जीपमध्ये बसलो. साहेबांना थाप मारली की जुना व्हॉल्व्ह आहे, त्याला माझाच हात लागतो. साहेब म्हणाले, "तू आहेस म्हणून चाललंय." दोन दिवस मला भूक नव्हती, इतका आनंद झाला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला माणसं मारायची नव्हती. मला फक्त कुणीतरी बोलवायला यावं असं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे. आणि नेमकं त्या दिवशी कुणाला वेळच नव्हता बोलवायला यायला.

५ मार्च, बुधवार

पस्तीस ते एक्केचाळीस लिहिले. बेचाळिसाव्याचा आकडा घातला आणि पुढची जागा सोडली.

९ मार्च, रविवार

पाण्याच्या टँकरपाशी मास्तरची बायको भेटली. म्हणाली, तुमच्या ताई येऊन गेल्या. तासभर बसल्या.

तमाशा केला असणार. विचारलं, "फार बोलली का?"

"नाही हो. आम्हालाच वाटलं, आता काय ऐकावं लागतंय. त्या नुसत्या बसल्या. यांची वही मागितली, ते पान वाचलं. दोनदा. मग आत जाऊन नळ सोडून यांना पाणी दिलं आणि गेल्या."

घरी आल्यावर ताईला विचारलं, कुठे गेली होतीस. म्हणाली, "विटांवर." मी पुढे ताणलं नाही. बायकांच्या मनात काय चालतं ते देवालाही कळत नाही.

आज दूध गार होतं, तरी तिने मला दोनदा दिलं. पाटी उचलायची, दूध ओतायचं, पाटी परत ठेवायची, बाण माझ्याकडे.

१४ मार्च, शुक्रवार

आज जे केलं ते क्रमाने लिहितो.

अकराला खोदकामाच्या मशीनवाल्याने हाक मारली. ढिगाऱ्याखालून चेंबरचं झाकण दिसलं. बाईंना फोन केला. म्हणाल्या, "कुणाला हात लावू देऊ नका. सोमवारी समितीसमोर उघडायचं. तुम्ही तिथेच थांबा, तुमच्याशिवाय विश्वासाचं कोण आहे." दीडला सगळे जेवायला गेले. मी आणि झाकण.

हिशेब सरळ होता. व्हॉल्व्ह उघडून ठेवला तर सोमवारी तो उघडा सापडेल. मास्तरने लिहिलं तसंच निघेल. त्याची नोकरी परत, नाव परत. दोष जुन्या पाइपावर जाईल, आणि पाइपाला कुठे बायकामुलं आहेत. मीही सुटेन. इतकं सगळ्यांच्या भल्याचं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसतं.

झाकण उचललं, चावी बसवली, उजवीकडे फिरवायला लागलो. पहिला फेरा कुरकुरला. मग हाताला ओळख पटली. चौथ्या फेऱ्याला पायाखालून पाणी गेल्याचा आवाज आला. सव्वीस वर्षं तो आवाज ऐकतोय, मला तो आवडतो.

आणि वरून आरडाओरडा. तिकडचे पाइप तुटून मोकळे पडलेत याचा मला विसरच पडला होता. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी बंबाला पाणी देणारा लोखंडी नळ आहे, ज्याला त्या दिवशी भावोजींच्या हातातला पाइप जोडला होता. त्याच्या तोंडातून आधी राखेचं काळं पाणी आलं, मग तांबडं, मग स्वच्छ. विटांवरच्या बायका बादल्या, घमेली, मिळेल ते घेऊन धावल्या. न्हावी वस्तरा हातात घेऊन उभा. त्याचा आवाज खालपर्यंत आला.

"म्हणजे पाणी होतं की इथे."

मधे आता एकही घर नाही. वरून खाली चेंबरपर्यंत सगळं सरळ दिसतं. सगळ्या बायका पाणी भरत होत्या. ताई एकटी भरत नव्हती. तिची बादली रिकामी होती आणि ती खाली बघत होती, माझ्याकडे.

मी चार फेरे डावीकडे फिरवले. पाणी थांबलं. तिने माझा हात कुठल्या बाजूला फिरतो ते पाहिलं असेल का, एवढ्या लांबून? नसेल. नंतर कानावर आलं की बायका म्हणत होत्या, आलं होतं पण राहिलं नाही.

जेवून लोक परत आले तेव्हा मी झाकणावर बसलो होतो. मला उलटी झाली. ऊन लागलं म्हणाले.

१५ मार्च, शनिवार

ताप आहे. ताईने डोक्यावर ओली घडी ठेवली.

पाणी होतं. भावोजी गच्चीवर उभे होते तेव्हा त्यांच्या पायाखाली दोनशे पावलांवर ते भरून उभं होतं.

१६ मार्च, रविवार

सकाळी उठून स्वयंपाकघरात गेलो. ही बाहेर गेली होती. ताई दूध तापवत होती. मी म्हणालो, "ताई, ते झाकण मला उद्या कामावर न्यायचं आहे."

तिने मागे वळून पाहिलं नाही. दूध उतरवलं, गॅस बंद केला. फडताळातून कागदात गुंडाळलेली पाटी काढून ओट्यावर ठेवली. आधीच गुंडाळलेली होती. तिच्या शेजारी काडेपेटी ठेवली. काडेपेटी वाजली, चार स्क्रू.

"हेही ने," ती म्हणाली. "गंजून पडलेल्या पाटीचे स्क्रू कुणी जपून ठेवत नाही."

हे मी फक्त या वहीत लिहिलं होतं. म्हणजे वही तिने वाचली. ही सरकारी वही मी पुढून जपत होतो आणि घरातली माणसं मागून वाचत होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच.

मी खाली बसलो. म्हणालो, "ताई, मी."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्या बाई आल्या होत्या तेव्हा थोडं. वही वाचली तेव्हा सगळं." मग म्हणाली, "मी वाट बघत होते तू कधी बोलतोस. रोज ते तुझ्यासमोर ठेवत होते. तू रोज दूध प्यायलास."

मी रडलो. तिने मला हात लावला नाही. लहानपणी मी पडलो की आधी तीच धावायची. आज ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि मी रडून संपेपर्यंत थांबली. माझ्या रडण्याने तिचं काहीच होणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

नंतर तिने विचारलं, "ते विचारत असतील का रे वर गच्चीवर, पाणी का येत नाही म्हणून?"



१७ मार्च, सोमवार

सकाळी पुढच्या बाजूला लिहिलं: "क्रमांक ४२. चढाखाली. उलट्या आट्यांचा. डावीकडे बंद होतो. आत पाटी होती. ती मी काढली. शुक्रवारी दुपारी मी हा चार फेरे उघडून पुन्हा बंद केला." खाली सही केली. मास्तर करतो तशी.

वही तशीच बाईंना देणार आहे. मागची पानं फाडायचा विचार आला होता, नाही असं नाही. फाडली तर शिवण सुटेल आणि पुढचे व्हॉल्व्हही निखळतील. भावोजींनी हे मला एकदा दाखवलं होतं.

समिती अकराला आहे. नोकरी जाईल, पुढे काय होईल ते होईल. हिने डबा भरून दिला, काही न विचारता, म्हणजे तिलाही माहीत आहे. पाटी आणि काडेपेटी पिशवीत आहेत.

निघणार तर ताई चपला घालून दारात. म्हटलं, तू कशाला, तुला ऐकवणार नाही.

"समितीचं मला काही नाही," ती म्हणाली. "अजून साडेनऊच झालेत. आधी मास्तरांच्या घरी चल. त्यांना सांग, तुमचा हात बरोबर होता."